मागे पडणारी खोली

१

सकाळी आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पॅसेजमधल्या कोनाड्यापुढे मी दिवा लावते आणि पॅसेजच्या टोकाच्या खोलीत हे कॉम्प्युटर लावतात. मधलं दार कायम उघडं. आसनावर बसलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर दिसतं, त्यातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. समोर ह्यांची खोली: टेबल, खुर्ची, ह्यांचा उजवा खांदा, अर्धा स्क्रीन, आणि ह्यांच्या डोक्यावर दुसरं घड्याळ. माझ्या पाठीशी बाहेरचं दार.

माझं व्रत अगदी साधं आहे. दिव्यात एक पळी तेल घालायचं. ते संपेपर्यंत आसनावरून उठायचं नाही, बोलायचं नाही, माळ ओढत राहायची. ह्यांची नोकरी गेली तेव्हा मी ते धरलं. तेव्हा हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे. कुठे जायचं नसताना इस्त्री करणारा माणूस बघवत नाही. पुढे देवाने ऐकलं, ह्यांना घरबसल्या काम मिळालं, पण व्रत मी सोडलं नाही. मागायचं असताना रोज दारात उभं राहायचं आणि मिळाल्यावर तोंड फिरवायचं, असं शेजाऱ्याशीसुद्धा कुणी वागत नाही.

ह्यांचं काम चित्रांचं. जी इमारत अजून बांधलीच नाही ती बांधल्यावर कशी दिसेल, याची चित्रं. खिडकीतून ऊन कसं येईल, जिन्यावर सावली कुठवर पडेल, याचा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि रंगवत जातो. आमचा कॉम्प्युटर जुना, एका चित्राला त्याला अख्खा दिवस लागायचा. अशात एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आलं. वेळेवर दिलं तर ते लोक कायमचं काम देणार होते. नाही तर पुन्हा खिडकी आणि इस्त्रीचा शर्ट.

म्हणून नवा प्रोसेसर घेतला. बसवायला आले ते डॉक्टर. ते काही खरे डॉक्टर नव्हेत, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातले. कॉम्प्युटरचा डबा उघडायच्या आधी त्याला कान लावतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात.

"बोर्ड तोच ठेवलाय," त्यांनी मला समजावलं. "मेंदू तेवढा बदलला."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण, हे त्यांना छोटी म्हणतात. कपडे शिवतात, गळ्यात कायम टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असल्या तरी तोंड बंद म्हणून नाही.

"डॉक्टर, माझ्या दादाचाही बदलून मिळेल का? जुना परत घेता ना?"

हे हसले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना असं हसताना बघितलं. मनातल्या मनात मी देवाला नमस्कार केला.

२

पहिले दोन-तीन दिवस चित्रं झरझर निघाली. मग एका सकाळी माझं मौन चालू असताना खोलीतून आवाज आला, "छे! अडकला."

स्क्रीनवरचं चित्र अर्धं रंगून थांबलं होतं. बाण हलत नव्हता, कोपऱ्यातलं घड्याळ सरकत नव्हतं. ह्यांनी बटण दाबून ठेवलं, बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडकला.

डॉक्टर आले. त्यांची पद्धत मला आवडायची. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणत. "दोन बदलल्या की गुण कुणाचा ते कळत नाही." आमटी बिघडली की मीही तेच करते. आधी मीठ बघायचं, मग आंबट. सगळं एकदम ओतलं की संपलंच.

आधी त्यांनी गरमी बघितली. पंखा काढला, जुना लेप पुसून नवा लावला. अडकला. मेमरीच्या दोन पट्ट्या, त्यातली एक काढली. अडकला. ती बसवून दुसरी काढली. तरी अडकला. वीज देणारा डबा बदलून बघितला, डिस्क पुसून सगळं नव्याने भरलं. रोज एक गोष्ट. हे खुर्चीच्या कडेवर बसलेले, आणि डॉक्टर टेबलाखाली उताणे, तोंडात टॉर्च.

"जुना मेंदू परत बसवून टाका ना," वन्सं म्हणाल्या.

"बसवला तर अडकणार नाही," डॉक्टर टेबलाखालून म्हणाले, "पण हॉस्पिटलही वेळेवर होणार नाही."

तोवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, पण ती सांगण्यासारखी वाटत नव्हती. कॉम्प्युटर फक्त सकाळी अडकायचा, माझ्या मौनात. तसं त्यात नवल नव्हतं. जड काम हे सकाळीच लावायचे, आणि मी सकाळीच बसायची. सूर्य उगवताना कोंबडा आरवतो, म्हणून काही कोंबडा सूर्य आणत नाही.

३

बसायच्या आधी मी चहा करते. एक कप ह्यांना नेऊन देते, माझा ओट्यावर झाकून ठेवते. व्रत झालं की तो कोमट पिते. सवय आहे.

त्या दिवशी तेल संपलं, मी उठले. माझ्या चहावर जाड साय धरली होती आणि कप हाताला गार लागत होता. तशीच खोलीत डोकावले तर ह्यांच्या कपातून वाफ निघत होती.

"दुसरा केलात का हो?"

"काय?"

"चहा."

"मी कशाला करतोय? तूच दिलास ना आत्ता."

आत्ता. मी कपाला हात लावला. चटका बसला.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. ह्यांचा कप जाड, माझा पातळ. ओट्यावर खिडकीचा वारा. कॉम्प्युटरची ऊब लागली असेल. गृहिणीला अशी कारणं पटकन सुचतात, रोज काही ना काही उतू जातं नाहीतर नासतं, आणि त्याला काहीतरी कारण असतंच. पण एकाच भांड्यातला चहा होता. मला तर चटका बसला होता.

आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर अडकायचा थांबला.

४

हे आनंदात होते. "काल पुसून नव्याने भरलं ना, त्यानेच गेलं दुखणं!" डॉक्टरांनी येऊन कान लावला. कॉम्प्युटरच्या पोटात एक नोंद असते म्हणे, कधी अडखळला, कधी पडला त्याची. ती त्यांनी वाचली. कुठे खंड नाही, सगळं सलग. "शंभर टक्के बरा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावून बसले होते. वन्सं आल्या. माझं मौन त्यांना कधीच पटलं नाही. जाता जाता मला म्हणाल्या, "वहिनी, मला एक मिनिट गप्प बसवेल असा देव अजून जन्माला यायचाय." मी डोळ्यांनी हसले. केसांवरून हात फिरवत त्या पुढे गेल्या. त्यांचे केस कुळकुळीत काळे, रंग न लावता, आणि त्याचा त्यांना फार तोरा. एक पांढरा शोधून दाखवा, फुकट शिवून देईन म्हणायच्या.

खोलीच्या उंबरठ्यातून त्या आत शिरल्या. "अरे दादा, तो निळा शर्ट उसवलाय तो..."

आणि आवाज थांबला.

मी माळ ओढत होते. वाटलं, बोलता बोलता काही दिसलं असेल. एक मणी, दुसरा मणी. वर बघितलं. वन्संचं एक पाऊल जमिनीवर, दुसऱ्याची टाच उचललेली. गळ्यातली टेप पुढे झुलली होती आणि तशीच राहिली होती, हवेत, तिरकी. पलीकडे ह्यांचा हात कपाकडे निघालेला. कपावरची वाफ कापसाच्या पेळूसारखी उभी.

मी उठू शकत नव्हते. तेल होतं.

माळेचा फेरा पूर्ण झाला. मेरुमणी बोटांना लागला, मी माळ उलटी फिरवली. स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकत होतं. समोरचं, ह्यांच्या डोक्यावरचं, त्याचा आवाज येत नव्हता. इतके दिवस दोन्ही आवाज एकात एक मिसळून येत असत, हे मला तेव्हा कळलं, एक गेल्यावर. दुसरा फेराही बराच झाला.

"...काढून ठेव, मी नेते वर," वन्सं म्हणाल्या. टाच टेकली. टेप छातीवर आपटली. ह्यांनी कप उचलला.

परत जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "काय गं, अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

दिवा विझल्यावर मी त्यांना विचारलं, "वन्सं, मघाशी बोलता बोलता थांबलात का?"

"मी?" त्या म्हणाल्या. "बोलताना?" आणि हसत वर गेल्या.

५

ह्यांच्या खोलीतलं घड्याळ मागे पडायला लागलं. हे म्हणायचे, मागे नाही पडत, स्वयंपाकघरातलं पुढे जातं. ओट्याच्या वाफेने बिघडलं असेल. रोज जेवताना हे खुर्चीवर चढून ते मागे करायचे.

"बाहेर उन्हं कुठे आलीत बघा की," मी म्हणायची.

"दिवस मोठे व्हायला लागलेत," हे म्हणायचे.

त्यांना भूक नसायची. जेवायला हाक मारली की म्हणत, आत्ताच तर चहा झाला. दाढी दिवसाआड करायचे, आणि तरी गाल गुळगुळीत. आणि आश्चर्य म्हणजे हॉस्पिटलची तारीख जवळ येत चालली होती आणि त्यांचं काम अर्ध्यावरच होतं. "वेळ कुठे जातो कळत नाही," ते म्हणायचे. असं सगळेच म्हणतात. म्हणून मी ते सोडून दिलं.

आता मला वाटतं, आधी कॉम्प्युटर एकटा थांबायचा आणि हे बाहेरून बघायचे. म्हणून त्यांना कळायचं. मग ते थांबणं खुर्चीपर्यंत आलं. मग उंबरठ्यापर्यंत. बुडणाऱ्याला पाणी किती खोल ते कसं दिसणार?

मी आसन थोडं मागे सरकवलं. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते, वारा लागतो म्हणून.

६

मंद आचेवर दूध ठेवलं होतं. व्रत आटोपलं होतं, दोन्ही घड्याळं चालू होती, आणि ह्यांनी खोलीतून हाक मारली, "अगं, चष्म्याचं कापड कुठाय?" मी आत गेले, कपाटावरचं कापड हातात दिलं आणि वळले. एवढंच. मधे काहीही झालं नाही. मी शपथेवर सांगते, दाराकडे वळेपर्यंत मला एक श्वाससुद्धा जास्तीचा लागला नाही.

पॅसेजमध्ये धूर होता. दूध आटून, करपून, त्याचा कोळसा होऊन पातेल्याला चिकटला होता. पातेल्याचं बूड लाल झालेलं. बाहेरचं दार कुणीतरी बडवत होतं.

उघडलं तर वन्सं. त्यांच्या मागे शेजारची दोन माणसं. "मेलात की काय सगळे? कधीची ठोकतेय! हात दुखला माझा! वास वरपर्यंत आला!"

"आत्ताच ठेवलं होतं," मी म्हणाले. आणि माझाच आवाज मला ह्यांच्यासारखा वाटला.

तोवर मला वाटत होतं की मी यातून वगळली गेलेय. माळ आहे, दिवा आहे, देव बघतोय. तसं काही नव्हतं. मी फक्त दुसऱ्या जागी बसत होते.

७

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. चहा, टेप, माळेचे फेरे, दूध. हे शांतपणे ऐकत होते. हसले नाहीत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्या व्रताला कधी नावं ठेवली नाहीत. पटतं म्हणून नव्हे, मी करते म्हणून.

"तुला काय वाटतं, काय करावं?"

"जुना प्रोसेसर बसवा."

"मग काम गेलं."

"जाऊ दे."

"आणि मी पुन्हा खिडकीत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही.

मग म्हणाले, "एक उपाय राहिलाय. डॉक्टर म्हणत होते, पण मशीन बरं झालं म्हणून केला नाही. बोर्डाच्या आत एक मुळातला प्रोग्राम असतो, बायोस. बोर्ड जुना, प्रोसेसर नवा. दोघांची नीट ओळखच झाली नसेल. तो प्रोग्राम नवा लिहायचा. तुझ्या समाधानासाठी करतो उद्या. एका वेळी एक गोष्ट."

मला फार बरं वाटलं. ओळख नसेल, हे मला पटण्यासारखं होतं. नवी सून घरात आली की पहिले काही महिने सगळ्यांचाच ताल चुकतो.

"फक्त एक," हे म्हणाले. "ते चालू असताना वीज जाता कामा नये. बटणाला, स्विचला, कशाला हात लावायचा नाही. अर्ध्यावर तुटलं तर बोर्ड मेला. मग काही केल्या उठत नाही."

८

सकाळी मी जरा जास्तच तेल घातलं. पळीवर अर्धी पळी. देवाला सांगितलं, आजचा दिवस सांभाळ.

समोर स्क्रीन काळा झाला आणि त्यावर एक पांढरी पट्टी उमटली. ती डावीकडून उजवीकडे भरत चालली. हे खुर्चीत मागे वळले, माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. "झालंच, फक्त..."

पट्टी अर्ध्याच्या जराशी पुढे थांबली होती. ह्यांचं बोट वर. ओठ पुढच्या अक्षरासाठी उघडलेले. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगून आत आला होता, तो तसाच फुगलेला.

तेल संपलं. मी उठले, आणि उंबरठ्याच्या अलीकडेच उभी राहिले. "अहो," म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, मला माहीत नाही. भात झाला, निवला. ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर आलं.

वन्सं आल्या तेव्हा मी पॅसेजमध्येच बसले होते. त्यांनी आत बघितलं. "हा काय खेळ लावलाय दादाने? ए दादा!" आणि तरातरा निघाल्या. मी त्यांचा दंड धरला. इतका घट्ट की नंतर वळ उठले.

"वन्सं, टेप काढून आत टाका."

"काय?"

"टाका तर."

त्यांनी टेपचं एक टोक धरून दुसरं आत फेकलं. उंबरठ्यावरून गेलेलं टोक खाली पडलं नाही. वन्संनी हात खेचला, टेप परत आली, लोंबकळत. वन्सं भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग मी डॉक्टरांना फोन लावला. "दहा मिनिटांचं काम आहे हो," ते म्हणाले. "अजून चालू? हात लावू नका बरं. बंद केलंत तर गेलाच समजा."

वन्सं उठल्या आणि बाहेरच्या दाराशी मेन स्विचपाशी गेल्या. "गेला तर गेला! बोर्ड आणू नवा!"

"आणि बोर्डाबरोबर जे थांबलंय ते?" मी म्हणाले.

त्यांचा हात स्विचवरच राहिला. मग हळूच खाली आला.

"मग काय करायचं गं वहिनी?"

मी दिवसभर त्या पट्टीकडे बघत होते. स्क्रीनच्या चौकटीवर चित्रांसाठी ह्यांनी पेन्सिलीने एक बारीक खूण केलेली आहे. सकाळी पट्टी त्या खुणेच्या अलीकडे होती. आता टेकली होती. म्हणजे ती थांबली नव्हती, चालत होती. आतल्या वेगाने. ह्यांचे ओठही मघापेक्षा किंचित मिटल्यासारखे वाटत होते, पण तो माझा भास असेल.

"ते पूर्ण होणार आहे, वन्सं," मी म्हणाले. "कधी, ते आपल्या हातात नाही. मी आत जाते."

"वेड लागलंय तुला?"

"दूध करपलं त्या दिवशी मला काय झालं? काही नाही. त्यांनाही काही होत नाहीये. पण ते बोट वर करून माझ्याकडे बघतायत. समोर कुणी नको का?"

"आणि मी?"

"कुणीतरी बाहेर हवं. स्विचला कुणी हात लावू नये, एवढं बघा. आणि दिवा." मी कोनाड्यातली तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. माळ दिली.

"मला नाही जमत हे," वन्संचं तोंड रडवेलं झालं. "मला गप्प बसवत नाही, तुला माहितेय. किती वेळ बसायचं?"

"तेल आहे तोवर."

मी दिवा पुन्हा लावला. जाताना त्यांच्या केसांवरून हात फिरवला. एकही पांढरा नव्हता.

९

मी उंबरठा ओलांडला.

"...एक मिनिट," हे म्हणाले आणि बोट खाली आलं. पडदा सुटून भिंतीवर आपटला. त्यांच्या मागे स्क्रीनवरच्या पट्टीने उरलेली जागा भरून टाकली, झर्रकन, बघता बघता. कॉम्प्युटरने एक बारीक आवाज दिला आणि स्क्रीन उजळला.

"तू उठलीस कशी? तेल संपलं?" हे म्हणाले. आणि वळून पुढे बघून, "अगं बघ! ओळखला! बरोबर नाव दाखवतोय प्रोसेसरचं. उगीच घाबरत होतो आपण." त्यांनी हॉस्पिटलचं चित्र उघडलं. ते भरभर रंगत गेलं. जिने, खिडक्या, फरशीवरचं ऊन. कुठेही अडखळलं नाही. "आज रात्रीपर्यंत सगळं देऊन टाकतो. तारखेच्या आत."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता. डोळे भरून आले माझे. वाटलं, वन्संना हाक मारावी, भात गरम करावा.

मग मला जाणवलं की ह्यांच्या डोक्यावरचं घड्याळ ऐकू येतंय, आणि दुसरं नाही.

मी मागे वळले.

पॅसेजच्या भिंतींचा रंग वेगळा होता. स्वयंपाकघरात घड्याळाच्या जागी खिळा. कोनाड्यात दिवा होता, जळत होता. भिंत वरपर्यंत काजळीने काळी झालेली. दिव्यापुढे आसनावर, माझ्या नव्हे, दुसऱ्याच कसल्यातरी कापडाच्या आसनावर, एक म्हातारी बाई बसली होती. पाठ वाकलेली. केस पांढरेशुभ्र. गळ्यात शिवणाची टेप, तिच्यावरचे आकडे पुसून गेलेले. बोटं माळेवर चालत होती. मणी माझेच होते, झिजून लहान झालेले.

तिने वर बघितलं. मी हललेली बघितली. बोटं थांबली.

ओठ उघडले, आणि मिटले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही. नुसती मान हलवून दिव्याकडे खूण केली.

"कोण आलंय गं?" हे पाठमोरेच म्हणाले. "छोटी आहे का? तिला म्हणावं, निळा शर्ट काढून ठेवलाय."

मी काही बोलले नाही. दिव्यात अजून तेल होतं.